किरकोळ सुधारणा

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही.

थांबा, हे पहिलंच वाक्य खोटं झालं. सांगितली आहे. चांगली पन्नास-साठ वेळा सांगितली आहे. आमच्या घराण्यात लग्न असो, मुंज असो, बारसं असो — जेवणं झाली, माणसं सतरंजीवर लवंडली की कोणीतरी म्हणतंच, "अरू, ती फ्लॉपीची सांग रे!" आणि मी सांगतो. हातवारे करून, काकांच्या आवाजाची नक्कल करून. बायका पदराने डोळे पुसतात, इतक्या हसतात. थोडं तिखटमीठ सोडलं, तर मी सांगतो ते सगळं घडलेलं आहे. फक्त एक जागा मी बदललेली आहे. एकच. आणि ती जागा जशी होती तशी ठेवली, तर गोष्टीत हसण्यासारखं काय उरतं — ते तुम्हीच बघा. माझी आता पंचावन्न उलटली. वजन वाढलंय, केस गेलेत, आणि खोटं बोलायला जी तब्येत लागते ती राहिलेली नाही.

दिगंबरकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. इंदूरच्या एका कापड मिलमध्ये विणाई खात्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य समजा — चाळीस माग त्यांच्या ताब्यात, कुठलाही बिघडला की हे हजर. बिघडायच्या आधीच हजर, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगायचे. त्या शेडमधल्या गदारोळात त्यांना कानानेच कळायचं की तिसऱ्या रांगेतला सातवा आजारी पडतोय. मग मिल बंद झाली. पेपरांत येत होतं की देशाची अर्थव्यवस्था खुली होतेय. असेल. आमच्याकडे तर एक मोठं लोखंडी फाटक बंद झालेलं दिसत होतं, आणि त्याच्यासमोर सकाळच्या भोंग्याच्या वेळेला, भोंगा नसताना, माणसं येऊन उभी राहायची. काका वर्षभर गेले तसे. मग जाणं सोडलं. अगरबत्तीची एजन्सी घेऊन पाहिली, लोणच्याच्या बरण्या पोचवून पाहिल्या. शेवटी मल्हारगंजात एक खोली भाड्याने घेतली आणि ठरवलं — कम्प्यूटरवर टायपिंगचं काम करायचं. वय तेव्हा बावन्न.

आता मी. मी तेव्हा एका कम्प्यूटर क्लासमध्ये शिकवत होतो. गल्लोगल्ली असले क्लास निघाले होते. जिथे काल पिठाची गिरणी होती तिथे आज बोर्ड. आणि मला एक वेड लागलेलं होतं — मुक्त सॉफ्टवेअरचं. म्हणजे असे प्रोग्राम जे एका कंपनीच्या मुठीत नसतात. कोणीही वापरावेत, उघडून आत बघावं, बदलावेत, दुसऱ्याला द्यावेत. ही कल्पना मला तेव्हा थोर वाटायची आणि आजही वाटते. त्याबद्दल कबूल करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. कबूल करायचंय ते माझ्याबद्दल.

दर रविवारी क्लासच्या रिकाम्या खोलीत आम्ही सहा जण जमायचो. त्यांतले दोघे फक्त कचोरीसाठी येत होते हे मला फार उशिरा कळलं. आम्ही काय करायचो? जगाला शिव्या द्यायचो, मुख्यतः. लोकांना चांगल्या गोष्टीची कदर नाही, लोक आळशी आहेत, लोकांना रंगीत चित्रं हवीत. आणि मी — मी एक प्रोग्राम लिहिला होता. मराठीत माहितीचे फॉर्म भरायचे, याद्या करायच्या, छापायला द्यायच्या. दोन वर्षं खपून लिहिला. त्याचं नाव ठेवलं 'अक्षरमोक्ष'. हसू नका. मला ते नाव अतिशय सुंदर वाटत होतं. एका बाईंनी गंभीरपणे विचारलं होतं की यात श्राद्धाच्या तिथी पण निघतात का.

त्याचं एक पत्रकही मी काढलं होतं. बारा मुद्दे. पहिला मुद्दा परवान्याच्या अटींचा, दुसरा तो कुठल्या भाषेत लिहिलाय त्याचा. काकांनी ते पत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अरू, याने होतं काय, ते कुठे लिहिलंय?"

"सगळं त्यातच आहे, काका."

"अरे भिया, साडीवाला आधी पदर उलगडून दाखवतो ना? का आधी मागाचा नंबर सांगतो?"

मी हसलो. मोठ्या मनाने हसलो, अडाणी माणसाच्या बोलण्यावर हसतात तसा. त्या वेळी त्या पत्रकावर इतका नेमका शेरा आख्ख्या शहरात कोणी मारला नसता. पण मला जाहिरात हा शब्दच बाजारू वाटायचा. चांगल्या मालाला ओरडावं का लागावं? — असं मी म्हणायचो. माल चांगला आहे हे ठरवणारा कोण, तर मीच.

खरं म्हणजे काका 'अक्षरमोक्ष' घेणारच नव्हते. बाजारात चहा-पोह्यांच्या पैशात चोरीची सीडी मिळत होती, तिच्यात सगळं — मराठी टायपिंग, रंगीत खिडक्या, फुलापानांच्या किनारी. त्यांना ती एका ओळखीच्याने चालवून दाखवली होती आणि ते खूश होते. मी त्यांना त्यांच्याच ओट्यावर बसून व्याख्यान दिलं. "काका, तुम्ही आयुष्यभर मिलमध्ये इमानाने काम केलं. चिंधी घरी आणली नाही. आता चोरीच्या मालावर धंदा करणार?" हे वाक्य त्यांना कुठे लागेल हे मला चांगलं माहीत होतं. तिथेच मारलं मी. त्यांनी सीडी परत केली.

आणि मग मी त्यांच्या जुन्या, दुसऱ्या हाताच्या कम्प्यूटरवर 'अक्षरमोक्ष' चढवला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. भरलेला फॉर्म जतन करायचा तर आधी एस्केप, मग दोन टिंबं, मग 'ज', मग एंटर. काका म्हणाले, "आणि नाही करायचा असला तर?" मी म्हटलं, तर यातलं काहीच करू नका. मला हे उत्तर फार हुशारीचं वाटलं होतं.

शिकले ते. तुम्हाला वाटेल नाही शिकले — माझ्या विनोदी गोष्टीत ते शिकत नाहीत, एक बोट हवेत धरून बटण शोधत बसतात आणि लोक हसतात. प्रत्यक्षात तीन आठवड्यांत शिकले. कसे, तर काकूंच्या टिकल्या कळांवर चिकटवून. एस्केपवर लाल, दोन टिंबांवर हिरवी, 'ज'वर पिवळी. लाल-हिरवी-पिवळी, एंटर. मिलमध्ये बॉबिनच्या टोकांना असेच रंग असायचे म्हणे, कुठलं सूत कुठलं ते कळायला. पुढच्या रविवारी माझे गटवाले दुकान बघायला येणार होते. मी आधी जाऊन त्या टिकल्या नखाने खरवडून काढल्या. सगळ्या. म्हटलं, "काका, ही काय बालवाडी आहे?" लोक गेल्यावर त्यांनी परत चिकटवल्या असतील असं मला वाटलं होतं. नाही चिकटवल्या.

एकदा त्यांनी मला विचारलं होतं. हा प्रसंग मी कोणाला सांगत नाही, म्हणून नीट सांगतो. मी दुकानात बसलो होतो, ते टाईप करत होते. मध्येच थांबले.

"हे बोलत का नाही रे काही?"

"काय बोलायला पाहिजे?"

"हेच की झालं. का नाही झालं. मी सेव्ह करून राहिलो आणि हे तोंड शिवून बसलंय, रुसलेल्या जावयासारखं."

मी म्हटलं, "काका, तीच तर त्याची शिस्त आहे. काही चुकलं तरच ते बोलेल. गप्प आहे म्हणजे सगळं ठीक."

त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं. "आमच्याकडे उलटं होतं. शेडमध्ये माग गप्प झाला की आम्ही पळायचो. एक धागा तुटला ना, तर माग आपला आपण थांबतो. कारागीर पाठ करून उभा असला तरी हरकत नाही, मागच सांगतो त्याला. याचा धागा तुटला तर हे थांबेल का?"

मी म्हटलं, हो.

मला माहीत होतं का? नव्हतं. तपासलं होतं का? नाही. दहा मिनिटांचं काम होतं. पण मी हो म्हटलं — कारण एका जॉबरने माझ्या प्रोग्रामला असा साधा प्रश्न विचारावा आणि मला उत्तर माहीत नसावं, हे कसं चालेल? वर आणखी म्हटलं, "आणि नाही आवडलं तर बदला ना तुम्ही. सगळा कोड उघडा ठेवलाय मी." बावन्न वर्षांच्या, मॅट्रिक झालेल्या, जेमतेम टाईप करायला शिकलेल्या माणसाला मी म्हटलं, कोड बदला. हे आमच्या गटाचं आवडतं वाक्य होतं. कोणी तक्रार केली की हेच. आता विचार करतो — जेवायला आलेल्या पाहुण्याने म्हणावं की भाजी खारट झालीये, आणि आपण म्हणावं की शेत मोकळं आहे, जा. याला आम्ही उदारपणा म्हणायचो!

मग ते काम आलं. परिचय पुस्तिकेचं.

इंदूरमध्ये परिचय संमेलन म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगावं लागतं. लग्नाची मुलं-मुली एकामागून एक मंचावर येतात. नाव, शिक्षण, नोकरी, उंची सांगतात. खाली दोन्हीकडची मंडळी हातात पुस्तिका घेऊन तो क्रमांक शोधतात आणि पेन्सिलीने खूण करतात. पुस्तिका हीच खरी. मंच आपला नावाला. कित्येक घरांत ती पुढची दोन वर्षं देवाच्या फळीवर असते. आमच्या समाजाच्या समितीने त्या वर्षी पहिल्यांदाच पुस्तिका कम्प्यूटरवर करायची ठरवली, आणि काम काकांना दिलं. सचिव होते मुळेसाहेब, निवृत्त इंजिनिअर. ते म्हणाले होते की हे नीट झालं तर समाजाचं वर्षभराचं सगळं छपाईचं काम दिगंबररावांकडेच. काकू त्या दिवशी मला म्हणाल्या, "किती वर्षांनी घरात शिट्टी ऐकली रे, दाढी करताना वाजवत होते."

दोनशेच्या वर मुलं. जवळजवळ तेवढ्याच मुली. महूहून, बेटम्याहून, देवासहून फॉर्म आलेले. कुणाचं अक्षर मुंगीचं, कुणी उंचीच्या जागी गोत्र लिहिलेलं. काका रोज एक गठ्ठा टाईप करायचे आणि फॉर्म मुळेसाहेबांकडे परत पोचवायचे. आधी मुलं, मग मुली. सगळं एका फ्लॉपीवर — त्या चौकोनी, पातळ, हाताच्या तळव्याएवढ्या तबकडीवर — कारण ती थेट प्रेसमध्ये न्यायची होती, आणि तसं मीच सांगितलं होतं. शिवाय माझी एक हुशारी होती त्यात. प्रोग्राम रोज कालची यादी तशीच ठेवून शेजारी नवी पूर्ण प्रत करायचा. सुरक्षितता म्हणून! त्या इवल्याशा जागेत रोज आणखी एक प्रत, रोज कालच्याहून मोठी. ती जागा एक दिवस संपणार, हे लहान मुलाला कळलं असतं. मला सुचलंच नाही.

काकांनी विचारलं होतं, "किती झाले ते एका कोपऱ्यात दाखवत का नाही हे? चारशेपैकी अमुक, असं?" मी म्हटलं, त्यासाठी वेगळी आज्ञा आहे, प्रोग्रामच्या माहितीपुस्तिकेत वाचा. वाचली त्यांनी. ती आज्ञा दिली की शेकडो नावं पडद्यावरून मालगाडीसारखी धडधडत जायची आणि शेवटी परत काळा पडदा. मग ते आपले वहीत एकेक खूण करत होते. वहीत सगळं बरोबर होतं.

प्रेसमध्ये फ्लॉपी उघडली तेव्हा मी बरोबर होतो. सकाळचे अकरा वाजले होते, मशीन आमच्यासाठीच मोकळं ठेवलेलं. मुलं सगळी होती. मुली एकोणीस.

एकोणीस. काकांनी परत बघायला सांगितलं. परत बघितलं. त्यांनी खिशातून वही काढली, आणि त्या खुणा त्या प्रेसवाल्याला दाखवायला लागले — हे बघा भाईसाहब, हे बघा, सगळ्या केल्यात मी. प्रेसवाला बिचारा चांगला माणूस, म्हणाला, "बाबूजी, कॉपी में तो हैं, इसमें नहीं हैं।"

संमेलन चार दिवसांवर. प्रेसला पुढे दुसऱ्यांची कामं. पुस्तिका तशीच छापली. उरलेल्या मुली हाताने लिहून, झेरॉक्स काढून, पिन मारलेल्या सुट्या कागदांवर. संमेलनाच्या दिवशी काय झालं ते मी माझ्या गोष्टीत फार रंगवून सांगतो. मुलगी मंचावर येते, क्रमांक सांगते, आणि हॉलभर कागदांची फडफड — कोणाचा कागद खाली पडलाय, कोणाकडे पानं उलटसुलट, एका आजोबांनी तर त्यात पोहे बांधून घेतलेले. हशा. पण मी तिथे होतो. हशा नव्हता. एक मुलगी बोलायची थांबली आणि हॉलमधली फडफड बंद व्हायची वाट बघत तशीच उभी राहिली, माईक हातात घेऊन. तिचे वडील उठून मुळेसाहेबांना म्हणाले, "आमची पोर काय पुरवणी आहे का?" आणि मागून कोणीतरी, दबक्या आवाजात नाही, चांगलं ऐकू येईल असं — "मिलवाल्याला कम्प्यूटर दिला की असंच व्हायचं." काका दारापाशी उभे होते. कागद वाटत.

आता ती जागा.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, मी एक भरलेली फ्लॉपी घेतली आणि 'अक्षरमोक्ष'मध्ये एक फॉर्म भरून जतन केला. एस्केप, दोन टिंबं, ज, एंटर. पडदा काही बोलला नाही. पुढचा कोरा फॉर्म आला, नेहमीसारखा. फ्लॉपी बघितली. तिच्यावर काहीही उतरलेलं नव्हतं. मी आणखी तीन फॉर्म भरले. तसंच. मग कोड उघडला. जिथे लिहिणं फसलं तर थांबायचं, सांगायचं — ती ओळच मी लिहिलेली नव्हती. राहून गेली होती असंही नाही. तिथे मी स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती: 'हे नंतर बघू.'

म्हणजे मला कळलं होतं. हे लक्षात ठेवा. समितीच्या बैठकीला गेलो तेव्हा मला पूर्ण, स्वच्छ कळलेलं होतं.

बैठक मुळेसाहेबांच्या घरी. आठ-नऊ माणसं, चहा, शेव. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर, वही मांडीवर. मुळेसाहेब सभ्य माणूस, ओरडले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "अरविंदजी, तुम्ही जाणकार. एवढंच सांगा — मशीनची चूक, का चालवणाऱ्याची?"

किती सोपा प्रश्न होता. दोनच उत्तरं, आणि त्यातलं एक माझ्या खिशात होतं.

मी म्हटलं, "प्रोग्राम तर बरोबर आहे. जतन करायचं राहून गेलं असणार."

नऊ शब्द. तेवढेच. त्या वेळी एका कॉलेजमध्ये 'अक्षरमोक्ष'चं प्रात्यक्षिक ठरलेलं होतं, गटातला एक जण त्या खोलीतच बसलेला होता — मनात आलं असेल हे सगळं, पण ते इथे मांडून मी तुमच्याकडून काही मिळवू बघत नाहीये. बोललो. झालं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील — अरे, मी विचारलं होतं तुला, धागा तुटला तर थांबेल का. म्हणायला हवं होतं त्यांनी. त्यांच्याकडे वही होती, खुणा होत्या. पण ते वहीकडे बघायला लागले, आणि मला दिसलं — डोळ्यांसमोर दिसलं — की ते स्वतःवर संशय घेतायत. अरू म्हणतोय म्हणजे तसंच असेल. मग हळूच म्हणाले, "हो. राहिलं असेल माझ्याकडून. उमर झाली आता." आणि उठून, नऊ माणसांसमोर, हात जोडले.

त्याच आठवड्यात मी तो कोड दुरुस्त केला. चार ओळी. जागा संपली तर प्रोग्राम थांबतो आणि मोठ्या अक्षरांत सांगतो. नवी आवृत्ती काढली की काय बदललं याची नोंद करायची पद्धत असते आमच्यात, फार पवित्र मानतात ती. मी लिहिलं: 'किरकोळ सुधारणा.'

कॉलेजातलं प्रात्यक्षिक झालं. एका मुलीने विचारलं, यात गेम आहेत का. पुढे 'अक्षरमोक्ष'चे एकूण तीन वापरकर्ते झाले. एक मी, एक माझा क्लास, आणि तिसऱ्याच्या कम्प्यूटरवर मी तो त्याला न विचारताच चढवला होता.

आणि तरी — हे सांगताना मला स्वतःचा खरंच संताप येतो — त्यानंतर वीस वर्षं मी व्याख्यानं दिली. विषय: मुक्त सॉफ्टवेअर सामान्य माणसापर्यंत का पोचत नाही. कारणं मी मोजून सांगायचो. मोठ्या कंपन्यांचा पैसा. चोरीच्या सीड्या. सरकारची उदासीनता. लोकांची गुलामी वृत्ती. टाळ्या पडायच्या. त्या कारणांत खोटं काही नाही, आहेतच ती. पण मी एकदाही म्हटलं नाही की आम्ही ज्याच्यासाठी बनवतो त्याच्या शेजारी गप्प बसून तो कुठे अडतो हे आम्ही बघत नाही. बघितलं तर त्याच्यावर हसतो. की प्रोग्राम लिहिणाऱ्याचं नाव होतं, आणि 'हे मला कळलं नाही' असं धैर्याने सांगणाऱ्याचं नाव कुठल्याच नोंदीत लागत नाही. पत्रक लिहिणं, नाव ठेवणं, पडद्यावर एक साधं 'झालं' असं उमटवणं — हे आम्हाला हलकं काम वाटतं, मोठ्या बुद्धीच्या माणसाने करू नये असं. फुकट देतोय ना? मग वर आणखी सोपं करून पण द्यायचं? हा आमचा भाव. आता मी स्वतः दुसऱ्या कोणाचा तरी असलाच प्रोग्राम वापरतो. गेल्या महिन्यात अडलो, त्यांच्या चर्चेच्या पानावर विचारलं, तर कोणीतरी उत्तर दिलं — आधी पुस्तिका वाचा. मला त्या माणसाचा राग आला नाही. खोटं. फार आला. दिवसभर पुरला.

काकांना समाजाचं काम परत मिळालं नाही, हे सांगायला नको. महिन्याभरात कम्प्यूटरवर जुनी चादर पडली. त्याच खोलीत काकूंनी साड्यांना पिको-फॉल करायचं मशीन लावलं, आणि ते चांगलं चाललंही. काका बाहेर स्टुलावर बसून साड्या घ्यायचे, चिठ्ठी लावायचे. एकदा मी गेलो तर पिकोचं मशीन अडलेलं होतं आणि मेकॅनिकची वाट बघणं चाललं होतं. मी म्हटलं, "काका, तुम्ही असताना मेकॅनिक?" ते म्हणाले, "नको रे, माझा हात चुकतो." अगदी सहज म्हणाले. पुढे घरात मोबाईल आला तर नंबर लावायला नातवाला हाक मारायचे. टीव्हीचा रिमोट काकूंच्या हातात. चाळीस माग कानाने ओळखणारा माणूस, आणि त्याने ठरवून टाकलं होतं की आपला हात चुकतो. ठरवलं त्यांनी नव्हतं. मी ठरवून दिलं होतं.

आणि मी लग्नांत गोष्ट सांगत होतो. सांगू का, सर्वांत वाईट काय? तेही हसायचे. एकदा तर त्यांनीच म्हटलं, "अरू, सांग ना ती फ्लॉपीची, या नव्या सूनबाईने ऐकलेली नाही." आणि मी सांगितली. त्यांच्यासमोर, त्यांची नक्कल करून. एक बोट हवेत धरून.

चार वर्षांपूर्वी काका गेले. मी हे त्यांना सांगू शकलो असतो असे दिवस मोजले तर हजारोंनी निघतील. एकाही दिवशी सांगितलं नाही.

तेराव्याला जेवणं झाल्यावर काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "एक सांगायचं होतं रे. ते शेवटपर्यंत म्हणायचे, माझ्यामुळे अरूचं नाव खराब झालं समाजात. इतक्या मेहनतीने बनवलं होतं पोराने. तुला कधी बोलले नाहीत, पण फार लागून राहिलं होतं त्यांना. तू मनात ठेवू नकोस."

मी त्यांच्याकडे बघितलं. बाहेर माणसं होती, पण खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी म्हटलं, "नाही ठेवलं, काकू."